शेवटच्या खेपेचं कुंकू

संयोगिताच्या सासरी दारूला कुणी शिवत नसे, आणि गावात सगळ्यांत जास्त बाटल्या त्याच घरातून बाहेर पडत.

यात काही वावगं आहे असं त्या घरात कुणाला कधी वाटलं नव्हतं. सासरे लालासाहेब, पोरांचे आबा, मिलिटरीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. महिन्यातून एकदा साताऱ्याला कँटीनमध्ये जायचे आणि साबण, चहापत्ती, नातीला बिस्किटं आणि कोट्याची रम घेऊन यायचे. बाटल्या काळ्या ट्रंकेत जायच्या. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव नि नंबर, किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला. मग ती रम महिनाभर गावात फिरायची. शेतातली लाइट आली की वायरमनला एक. पाणी पाळीच्या आधी सुटलं की पाटकऱ्याला एक. बोअरची मोटर वर काढणाऱ्या पोरांत मिळून एक. बाजारच्या बाटलीपेक्षा ‘मिलिटरीची’ म्हणून तिला वेगळा मान होता आणि लालासाहेब ती देतानाही प्रसाद द्यावा तशी दोन्ही हातांनी देत.

“आपुन तर वासबी घेत न्हाई,” ते म्हणायचे. “मग ठेवून काय लोणचं घालायचंय? चार माणसं धरून ऱ्हात्यात त्येच्यावर.”

पोचवायचं काम धाकट्या शंभूराजचं. अकरावीतलं पोर. रहिमतपूरला कॉलेजात जायचं, पहाटे भरतीसाठी पळायचं, आणि लायसन नसताना स्कुटी घेऊन गावभर हिंडायचं. संयोगिता लग्न होऊन आली तेव्हा तो एवढासा होता. नवऱ्याची, जयराजची, रजा संपली आणि तो सरहद्दीवर निघून गेला, तेव्हा त्या परक्या घरात तिच्याशी पहिल्यांदा हसून बोललेला माणूस म्हणजे हा दीर. वह्यांना कव्हरं तिनं घातली, गणितं तिनं सोडवून दिली, कान धरायचा तर तोही तिनंच. तिची लेक चालायला लागली ती शंभूचं बोट धरून. पोरीला आईआधी काका म्हणता आलं, आणि त्याचं संयोगिताला कौतुकच वाटलं होतं.

लालासाहेबांची नोकरी मिलिटरीच्या गाड्यांवर गेली होती. आधी ड्रायव्हर, मग गाड्या सोडणारा हवालदार. जेवताना त्यांची एक गोष्ट ठरलेली असायची. “गाडी गेटाबाहेर सोडायच्या आधी ड्रायव्हरला फुड्यात हुबा करायचो. नाव इचारायचो, गाव इचारायचो. बोलता बोलता वास येतुयाच. आला की किल्ली काढून घ्यायची. मग तो कुनाच्या का मर्जीतला असंना. खुद्द सायबाचा ड्रायव्हर मी परत पाठवलाय.” ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. सासूबाई चंद्राबाई ती सुरू झाली की न ऐकता भाकरी थापत राहायच्या आणि ‘सायबाचा ड्रायव्हर’ आला की दुसरी भाकरी ताटात टाकायच्या.

संक्रांत झाली आणि संयोगिता लेकीला घेऊन चार दिवस सांगलीला माहेरी गेली. थोरली बहीण दीपमाला मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स. एक दिवस ती डबा विसरून गेली म्हणून संयोगिता तो घेऊन मिरजेला गेली, लेकीला आईजवळ ठेवून. तिथं हाडांच्या वॉर्डात, दारालगतच्याच खाटेवर एक पोरगा पडलेला तिनं पाहिला. ओठावर नुकती लव आलेली. एक पाय वर टांगून त्याला वजन लावलेलं, दुसरा पाय गुडघ्याखाली नव्हताच. ट्रॅक्टरवर ड्रायव्हरशेजारी बसून निघाला होता, वळणावर खाली आला आणि मागची ट्रॉली पायावरून गेली. खाली फरशीवर त्याची आई बसली होती. ओळख ना पाळख, पण संयोगिताच्या पदराला धरून ती सांगत सुटली, “आमच्या घरात कुनी घेत न्हाई वो ताई. येक थेंब न्हाई. कुनालाबी इचारा.”

बाहेर नळावर हात धुताना दीपमाला म्हणाली, “हे वाक्य मला रोज ऐकायला मिळतं बघ. पोरगा पण पिला होता, ड्रायव्हर पण. पण घरात कुणी घेत नाही. मग ती दारू काय आपल्या पायांनी चालत येते?”

संयोगिताच्या डोळ्यांपुढं काळी ट्रंक आली होती.

परतीची पॅसेंजर रहिमतपूर स्टेशनात थांबली तेव्हा दुपार कलली होती. शंभू स्कुटी घेऊन आला होता. नेहमीसारखे त्यानं दोन्ही हात पुढं केले, पोरीनं नेहमीसारखी झेप घेतली, आणि त्याच्या गळ्यात पडताच मान मागं ओढली. नाकाला मुठी लावल्या. “शी,” म्हणाली.

“काय गं, काका घाण हाय व्हय?” शंभू हसला. तोंडातला बडीशेपेचा घास त्यानं या गालातून त्या गालात सारला.

संयोगिताला प्रवासाचा शीण होता, पिशवी जड होती. ती पोरीला मध्ये घेऊन मागं बसली. स्टेशनाचा रस्ता संपून उसाचे फड लागले, समोरून मोकळ्या ट्रॉल्या खडखडत आल्या, आणि शंभूनं स्कुटी अशी काही झटक्यात कडेला घेतली की वाऱ्याबरोबर तो वास तिच्या तोंडावर आला. बडीशेपेच्या खालचा.

“थांबव.”

“काय ऱ्हायलं का स्टेशनावर?”

“थांबव म्हणते ना.”

ती उतरली. पोरीला कडेवर घेतलं, पिशवी खांद्याला अडकवली. “काय पिलायस?”

“काय न्हाई.” मग तिच्या नजरेला नजर देता येईना तसं तो हँडलकडं बघून म्हणाला, “आपल्या फडात टॅक्टरवाल्या धनाजीला बाटली द्यायला गेल्तो. आबांनीच पाठवलेलं. त्यानं झाकणभर दिली. झाकणभरानं काय होतंय वहिनी? सगळी पोरं घेत्यात.”

“आणि तसाच माझ्या लेकराला न्यायला आलास.”

ती चालत निघाली. तो मागं मागं स्कुटी ढकलत, “वहिनी, बस की. वहिनी, लोक बघत्यात,” करत येत राहिला. ऊन तिरपं तोंडावर येत होतं, पोर खांद्यावर झोपून जड झाली होती, आणि संयोगिताला कळत नव्हतं की जास्त राग कशाचा आला आहे, त्याच्या पिण्याचा की आपण त्या वासावर बसून अर्धा रस्ता आलो याचा.

घरी पोचल्यावर तिनं चंद्राबाईंना सांगितलं. त्या गव्हात खडे बघत होत्या.

“वय हाय गं त्येचं,” त्या म्हणाल्या. “उद्या मिलिटरीत गेला की येतंय समदं वळणावर.”

“आत्या, मिलिटरीत जायला आधी पाय शाबूत लागतात.” तिनं मिरजेच्या पोराचं सांगितलं. चंद्राबाईंचे हात सुपात थांबले, तोंडातून एक सुस्कारा आला, आणि मग हात पुन्हा चालायला लागले.

जेवायच्या वेळी तिनं लालासाहेबांपुढं विषय काढला. त्यांना शंभूपेक्षा त्या वाक्याचाच राग आला. “आमच्या घरात पितंय म्हन्तीस? या घरात? मी समदी नोकरी त्या बाटल्यांच्या शेजारी काडली, बोट लावलं न्हाई.” त्यांनी हाक मारली. “शंभ्या, पिलास का रं?”

“न्हाई आबा.”

“झालं?” लालासाहेब तिच्याकडं बघून म्हणाले. “बाटली घिऊन गेला तर हाताला वास येनारच की.”

शंभूनं तिच्याकडं बघितलं नाही. ताटातल्या आमटीत बोट फिरवत बसला. सायबाचा ड्रायव्हर परत पाठवणारा हा माणूस स्वतःच्या पोरापासून हातभर अंतरावर बसून लोणच्याची फोड चोखत होता.

जयराजचा फोन आला तेव्हा तिनं सगळं भडाभडा सांगितलं. तिकडून नुसता वारा ऐकू येत होता. मग तो म्हणाला, “आबांना कोण सांगणार? मी रजेवर आलो की बघू.”

“तू मागच्या रजेला येताना तुझ्या पण बाटल्या आणल्यास.”

“अगं, त्या आबांनीच सांगितलेल्या. पाइपलाइनचं काम होतं ना.” आणि लगेच, “पोरगी काय करते? तिला दे ना फोन.”

तिनं पोरीच्या कानाला फोन लावला आणि स्वतः मोरीत जाऊन भांडी घासत बसली. भांडी मघाशीच घासून झाली होती.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः फडात गेली. टोळी ऊस तोडत होती, धनाजी ट्रॅक्टरच्या सावलीत पाठ टेकून बसला होता. तिला बघून उठला. डोळे तांबारलेले, पण ते झोपेनंही असतील. माणूस वाईट नव्हता. वाटेत म्हातारं कुणी दिसलं तर ट्रॅक्टर थांबवून ट्रॉलीवर घेणारा.

“धनाजीभाऊ, शंभूला दारू तुम्ही दिलीत?”

त्यानं नाही म्हटलं नाही. “ते माग लागतंय ताई. धाकलं मालक हाय. मी न्हाई कसं म्हनू?”

“आणि तुम्ही पिऊन एवढ्या ट्रॉल्या ओढता. रस्त्यावर शाळेची पोरं असतात.”

धनाजीनं टॉवेलानं तोंड पुसलं. “राग मानू नका. पर मी बाटली कवा मागितली न्हवती. पैल्या खेपंला आबांनीच हातात ठिवली. दुसऱ्या खेपंला पोरगं घिऊन आलं. न्हाई म्हनलं तर शेतकरी म्हनत्यात, ड्रायव्हर माजला. मालकाला फोन जातो. आन् कारखान्यावर नंबराला दोन-दोन रात्री बसल्यावर अंगात काय ऱ्हातंय सांगा.”

“मग आमच्या घरचीपुरती तरी घेऊ नका.”

“बरं ताई.” तो इतक्या पटकन म्हणाला की तिला कळलं, हा बरं म्हणजे नुसता जायला सांगणारा बरं आहे.

ट्रॅक्टरचे मालक नानासो पलीकडच्या गावचे. त्यांना फोन केला तर ते खळखळून हसले. “वैनी, सीझनला ड्रायव्हर मिळतोय हेच नशीब. थोडं थोडं समदीच घेत्यात. तुमचा ऊस वाळू द्यायचा का सांगा.” हाच सवाल पुढं प्रत्येकाच्या तोंडात होता. ऊस वाळवायचा का? जणू रस्त्यावर चाकाखाली येणारं काहीच नसतं, नुसता ऊस असतो.

तिनं शंभूला बसवून घेतलं. समजावलं, दटावलं, पोरीची शपथ घालायला तोंड उघडलं आणि लेकराचं नाव घ्यायला जीभ धजेना. तो मान हलवायचा. दोन दिवस सरळ असायचा. मग पुन्हा बडीशेप.

रात्री पोर झोपल्यावर अंधारात डोळे उघडे ठेवून ती पडून राही. या घरात सगळे भले होते. सासरे सुनेला कधी वाकडं बोलले नव्हते. सासूनं पाळण्याची दोरी तिच्या हातून काढून तिला झोपायला लावलं होतं. धनाजी भला, नानासोही बोलायला गोड. आणि या सगळ्या भल्या माणसांत ती एकटीच भांडखोर दिसत होती.

शेवटच्या खेपेचा दिवस आला.

त्या घरची रीत अशी होती की तोड संपली की शेवटची भरलेली ट्रॉली फडातून थेट रस्त्याला जात नसे. ती आधी दारात यायची. उसाच्या हिरव्या वाड्यांचे झेंडे, फुगे, पुढच्या बोनेटला हार, टेपवर गाणी, मागं टोळीतली बाया-माणसं गुलाल उधळत. घरची सून चाकावर पाणी घालायची, इंजिनाला हळदकुंकू वाहायची, चालवणाऱ्याच्या कपाळाला कुंकू लावून ओवाळायची, लालासाहेब टायरपुढं नारळ फोडायचे आणि ड्रायव्हरच्या हातात टोपी, टॉवेल नि बाटली ठेवायचे. सुनेनं ओवाळल्याशिवाय चाक हलायचं नाही. चंद्राबाई सून म्हणून आल्या तेव्हा ट्रॅक्टरच्या जागी बैलगाडी होती, एवढाच फरक.

दुपारी जेवणं उरकून संयोगिता ताट लावत होती तोवर गाणी ऐकू आली. ती ताट घेऊन बाहेर आली आणि पायरीवरच थांबली.

स्टिअरिंगवर शंभू बसला होता. गळ्यात हार, कपाळाला गुलाल, डोळ्यांवर कुणाचा तरी काळा चष्मा. धनाजी शेजारच्या मडगार्डवर, एक हात शंभूच्या खांद्यावर, पाय गाण्यावर हलत होते. मागं दोन्ही ट्रॉल्या घराच्या उंचीच्या वर भरलेल्या.

“धाकलं मालक न्हेणार आज,” धनाजी ओरडून म्हणाला. “पार कारखान्याच्या वजनकाट्यापतोर.”

लालासाहेबांनी फेटा बांधला होता. मोबाईल समोर धरून ते जयराजला पाठवायला व्हिडिओ काढत होते. “वाघ हाय वाघ,” कुणीतरी म्हणालं. लालासाहेबांची छाती फुगली. चंद्राबाई ओट्यावर नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, पोर काकाला टाळ्या वाजवत होती.

संयोगितानं चाकावर पाणी घातलं. इंजिनाला हळदकुंकू वाहिलं. मग पायरीवर पाय देऊन वर चढली आणि कुंकवाचं बोट शंभूच्या कपाळाकडं नेलं. त्यासाठी जवळ वाकावंच लागतं.

आज बडीशेपही नव्हती. चष्म्याआडून तो तिच्याकडं बघून हसला, आणि तिला त्या हसण्यात अजूनही तो एवढासा पोरगा दिसला, दप्तर मागं टाकून पळत येणारा. तिचं बोट तसंच थांबलं.

ती खाली उतरली. ताट दोन्ही हातांत घट्ट धरून उभी राहिली.

“ओवाळ की,” लालासाहेब म्हणाले. “गाडीला नंबर लागायचाय.”

“मी नाही ओवाळत मामा.”

गाणं चालूच होतं म्हणून त्यांना ऐकू गेलं नाही असं वाटून ती पुन्हा म्हणाली. या वेळी कुणीतरी टेप बंद केला आणि तिचा आवाज सगळ्या अंगणात पडला.

“काय झालं?”

“ओवाळून मी कुणाला मरायला पाठवत नाही.”

बायकांत कुजबुज झाली. टोळीतलं एक पोरगं म्हणालं, “वैनीसायब, ऊस तोलायचाय, लढाईला न्हाई चाललाव.” हशा पिकला. शंभूनं चष्मा काढला. त्याचे कान लाल झाले होते.

लालासाहेब जवळ आले, आवाज खाली आणला. “चार मानसांत तमाशा करू नगंस. रीत हाय ती. तू न्हाई तर तुझी सासू ओवाळील.” त्यांनी ओट्याकडं पाहिलं. “चंद्रे, उठ.”

सगळ्या माना चंद्राबाईंकडं वळल्या. त्यांनी आधी नवऱ्याकडं, मग स्टिअरिंगवरच्या पोराकडं, मग सुनेच्या हातातल्या ताटाकडं पाहिलं. मांडीवरची नात सावरून घेतली.

“माजं गुडघं लय दुखत्यात आज,” त्या म्हणाल्या. “न्हाई उठवायचं.”

सकाळी याच गुडघ्यांनी त्यांनी अंगण सारवलं होतं. ते लालासाहेबांनाही ठाऊक होतं.

संयोगितानं ताट त्यांच्यापुढं धरलं. “मग कुंकू तुम्ही लावा मामा. काही नको, नुसतं वर चढा, जवळ जा, नाव विचारा, गाव विचारा आणि लावा. गाडी गेटाबाहेर सोडायच्या आधी तुम्ही विचारता तसं.”

तिचा आवाज चढला नव्हता. लालासाहेबांनी बोट कुंकवात बुडवलं. फेटा सावरत पायरीवर चढले. ते रागातच चढले. सुनेला खोटं पाडून खाली उतरायचं हे त्यांच्या पाठीवरूनही दिसत होतं.

“नाव काय रं तुझं?” ते मोठ्यानं म्हणाले, लोकांना ऐकू जावं म्हणून, अर्धं हसत.

“आबा, चला की आता,” शंभू पुटपुटला. जीभ जड पडत होती.

“नाव सांग.”

“शंभूराज.”

लालासाहेब वाकलेलेच राहिले. बोट कपाळापासून वितीवर तसंच थांबलं. खालून सगळ्यांना त्यांची पाठ दिसत होती, ती आधी ताठ होती, मग हळूहळू ढिली पडत गेली. ते धनाजीकडं वळले. त्याला त्यांनी नाव विचारलं नाही, तोंडाजवळ नुसती मान नेली. धनाजी कसनुसं हसला.

“तुमचीच हाय की आबा,” तो म्हणाला. “सकाळी पोराच्या हातनं धाडल्याली.”

या वेळी कुणी हसलं नाही.

लालासाहेबांनी हात लांबवून किल्ली फिरवली. इंजिन धडधडत बंद पडलं. “उतर,” ते शंभूला म्हणाले. मग धनाजीला, “तूबी.”

“आबा, मालक काय म्हनतील? फोन केला तर फुडल्या साली...”

“फुडल्या साली बगू. उतर.”

शंभू उतरताना घसरला. हार तुटला. संयोगितानं सावरायला हात पुढं केला तर त्यानं तो झटकला आणि घराच्या मागच्या बाजूला निघून गेला. लालासाहेबांनी फेटा सोडला, खाली चंद्राबाईंच्या मांडीवर टाकला. शर्टाच्या बाह्या वर केल्या. मोठ्या गाडीचं लायसन त्यांनी अजून चालू ठेवलं होतं, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सीट मागं-पुढं करून बघितली, आरसा पुसला, ब्रेक दाबून पाहिला. मग बोटावरचं ते कुंकू तसंच आहे हे ध्यानात येऊन त्यांनी सुनेकडं पाहिलं.

संयोगितानं ओवाळलं. नारळ फोडायला कुणीच उरलं नव्हतं, तो चंद्राबाईंनी उठून फोडला. गुडघ्याचं नाव काढलं नाही. गाणी न लावताच शेवटची खेप हळूहळू वेशीबाहेर गेली.

परसात शंभू धुण्याच्या दगडाशी वाकला होता. तिनं तांब्या भरून नेला, पाठीवरून हात फिरवला. ओकून झाल्यावर त्यानं तोंड धुतलं, पण मान वर केली नाही.

“माजी इज्जत घालवलीस,” तो म्हणाला. “समदी पोरं हसत हुती.”

“हसू देत.”

“तुज्याशी बोलनार न्हाई मी आता.”

“नको बोलूस. दोन्ही पायांवर चालत जा आणि नको बोलूस.”

तिला वाटलं होतं आपल्याला बरं वाटेल. वाटलं नाही. तो खरंच तिच्याशी बोलला नाही, आणि धनाजी टॉवेल खांद्यावर टाकून कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून गेला. पुढं बसलेलाही त्याच्याच दारूच्या पंक्तीतला होता, हे तिनं ओट्यावरून पाहिलं आणि तिला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

लालासाहेब दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले. नंबराला रात्रभर बसावं लागलं होतं. हातपाय धुतले, जेवले. ड्रायव्हरची ती ठरलेली गोष्ट सांगितली नाही. चंद्राबाईंनी सवयीनं भाकरी हातात घेऊन वाट बघितली आणि मग तशीच टाकली.

जेवण झाल्यावर ते म्हणाले, “कारखान्याच्या यार्डात निम्मी जनं झिंगल्याली. आपल्याच गावची, वळकीची.” एवढंच. पाणी पिऊन उठले, खिळ्याची किल्ली घेतली आणि ट्रंक उघडली.

संयोगिता दारात पोरीला नाचणीचं सत्त्व भरवत होती. चमचा तिच्या हातात थांबला. आता हे बाटल्या बाहेर काढणार, मोरीत ओतणार, असं तिला अगदी दिसलंच.

लालासाहेबांनी एक बाटली काढली. पेपरात गुंडाळली.

“वायरमनची ऱ्हायली हुती,” ते म्हणाले. “मोटरचं काम करून गेलाय बिचारा.”

तिला हातातला चमचा भिंतीवर मारावा असं वाटलं, पण पोरीनं आ केला होता. तिनं घास भरवला.

“मामा,” ती शेवटी म्हणाली, “तो खांबावर चढतो. मोटरसायकलवर जातो.”

“म्हनून मी सोता निघालोय. शंभ्या न्हाई जायचा आता कुनाकडं.” त्यांनी चपला घातल्या. “त्येला सांगतो, घरी जाऊन घी. गाडीवर बसू नगं.”

“आणि पुढच्या महिन्याचा कोटा?”

“फुडचं फुडं बगू,” असं म्हणत ते पायऱ्या उतरून चालत गेले. स्कुटी त्यांनी घेतली नाही.

ट्रंकेचं झाकण उघडंच होतं, किल्ली कुलपात लटकत होती. असं त्या घरात कधी होत नसे. विसरले की सोडून गेले, हे तिला कळलं नाही, आणि विचारून कळणारही नव्हतं. तिनं पोरीचं तोंड पुसलं, उठून झाकण लावलं, कुलूप घातलं. किल्ली खिळ्याकडं नेली, मग तिथं न अडकवता सत्त्वाच्या डब्यात, पिठात खोल खुपसली आणि डबा वरच्या फळीवर ठेवला. चंद्राबाई सुपारी कातरत हे सगळं बघत होत्या. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला नाही.

लालासाहेब आले तेव्हा चहाची वेळ झाली होती. आत येताना सवयीनं त्यांचा हात खिळ्याकडं गेला. खिळा मोकळा. त्यांनी ट्रंकेच्या कुलपाकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं.

संयोगिता उभी राहिली. आता काय ते होऊन जाऊ दे, असं तिनं मनाशी म्हटलं.

“चहा टाक,” ते म्हणाले. आणि पाठमोरे होत, “शंभ्यालाबी दे. माळ्यावर बसलंय. सकाळधरनं काय खाल्लं न्हाई म्हनत्यात.”

तिनं आधण ठेवलं. कप घेऊन शिडीच्या चार पायऱ्या चढली आणि हात वर केला. बराच वेळ कप तिच्याच हातात राहिला, बोटं भाजायला लागली, ती मनातल्या मनात त्याच्या, त्याच्या बापाच्या आणि सगळ्या भल्या माणसांच्या नावानं बोटं मोडत तिथंच उभी राहिली. मग अंधारातून एक हात पुढं आला आणि कप घेऊन आत गेला.